घर नवे होताना मुलांना जपू या

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. म्हण रचणाऱ्याने राहत्या घराची दुरुस्ती करून पाहिली असती, तर तिला तिसरे वाक्यही जोडले असते. नवे घर बांधले जात असताना कुटुंब जुन्या घरात निश्चिंत राहत असते. दुरुस्तीत मात्र तोडायचे तेच घर आणि राहायचेही त्याच घरात. त्यातून घरात लहान मुले असली, म्हणजे खर्च आणि दगदग यांच्या जोडीला आणखी एक मोठी जबाबदारी येते. तिचा विचार मात्र बहुतेक वेळा काम सुरू झाल्यानंतर होतो.

दक्षिण महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावातले असे एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. सोपा, मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागे न्हाणी. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी आजोबांनी बांधलेले. घरात आजी, मुलगा, सून, सहा वर्षांची नात आणि दीड वर्षाचा नातू. भिंतींना ओल आली आहे, न्हाणीची फरशी खचली आहे, विजेच्या तारा जुन्या झाल्या आहेत. भाड्याने दुसरीकडे राहावे, तर दुहेरी खर्च; शिवाय आजींचा पाय या घरातून निघत नाही. ‘दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे,’ असे म्हणून काम सुरू होते. पुढे दोनाचे चार महिने होतात.

मुलांचे घर आजचे असते

या चार महिन्यांत मोठी माणसे मनाने उद्याच्या घरात राहत असतात. नवा ओटा, नवी फरशी, उजेडाची न्हाणी त्यांना दिसत असते आणि त्या बळावर ती आजची धूळ सोसतात. मुलांपाशी असे चित्र नसते. त्यांना दिसते ते एवढेच, की काल झोपण्याची जागा होती तेथे आज वाळूची पोती आहेत, खेळण्यांचे खोके सापडत नाही आणि परका माणूस हातोड्याने भिंत फोडतो आहे. सहा वर्षांची नात एकाएकी हट्टी होते, दीड वर्षाचा नातू रात्री दचकून उठतो, अंगवळणी पडलेल्या सवयी काही काळ सुटतात. याला लाडावणे समजून रागावण्यात अर्थ नाही. ओळखीची जागा हरवल्याची ती प्रतिक्रिया असते.

म्हणून सगळे घर एकदम उघडण्याचा मोह टाळावा. गवंड्याच्या दृष्टीने एकदम काम सोयीचे आणि स्वस्त असते, हे खरे. तरीही घराचे दोन भाग करून एका वेळी एकच भाग घेतला, तर मुलांना पाय टेकायला जागा उरते. एक खोली अशी ठेवावी, की जिच्यात सिमेंटचे पोते, हत्यारे किंवा कामगारांचा डबा यांपैकी काहीही येणार नाही. दाराच्या फटीला ओले फडके, दारावर जाड प्लास्टिकचा पडदा आणि आत मुलांचे नेहमीचे अंथरूण, तीच चादर, तीच चार पुस्तके. ही खोली शेवटी दुरुस्त करावी किंवा सर्वांत आधी पूर्ण करून घ्यावी. न्हाणी व स्वच्छतागृह दोन-दोन असतील, तर दोन्ही एकाच वेळी फोडू नयेत. नव्या न्हाणीत पाणी साठवून गळतीची तपासणी होईपर्यंत जुनी चालू ठेवणे शहाणपणाचे असते.

झोपेचेही तसेच. तान्ह्या मुलाच्या दुपारच्या झोपेचे दोन तास ठेकेदाराला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावेत. ड्रिल आणि कटर त्या वेळेत बंद राहू शकतात. गिलावा, मोजमाप, सामान हलवणे अशी बिनआवाजाची कामे तेव्हा करता येतात. आधी सांगितले, तर बहुतेक कारागीर हे आनंदाने पाळतात. त्यांच्याही घरी मुले असतात.

जुन्या रंगाची धूळ

दुरुस्तीतला सर्वांत गंभीर धोका डोळ्यांना धोका वाटतच नाही. आपल्या गोष्टीतल्या घराला सागवानी दरवाजा आहे. त्यावर वर्षानुवर्षे तेलरंगाचे थर चढले आहेत. रंगारी पॉलिश पेपर घेऊन येतो आणि म्हणतो, ‘दोन तासांत घासून मोकळं करतो.’ समोरच सोप्यात नातू रांगतो आहे. हाताला लागेल ते तोंडात घालण्याचे त्याचे वय आहे.

पूर्वीच्या तेलरंगांत शिसे सर्रास वापरले जात असे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, हा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. म्हणजे त्यापूर्वी रंगवलेल्या दारे, खिडक्या आणि गजांवर शिसेयुक्त रंग असण्याची शक्यता धरूनच चालावे. रंग अखंड असेतोवर फारसे बिघडत नाही. तो कोरडा घासला किंवा जाळून काढला, की शिसे धुळीत आणि धुरात मिसळते. ती धूळ फरशीवर, खेळण्यांवर, दुधाच्या बाटलीवर बसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुले मोठ्यांच्या चार ते पाच पट अधिक शोषून घेतात. त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. शिकण्याची क्षमता आणि एकाग्रता कमी होते. हे होत असताना ताप येत नाही, पुरळ उठत नाही. मूल वरून निरोगी दिसते, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

उपाय मात्र अवघड नाहीत. जुना रंग घट्ट असेल, तर तो न खरवडता त्यावरच नवा रंग द्यावा. पोपडे सुटले असतील, तर पृष्ठभाग पाण्याने ओला करून खरवडावा, खाली प्लास्टिक अंथरून निघालेला चुरा त्यातच गुंडाळून बाहेर न्यावा. कोरडे घासणे आणि दिव्याने रंग जाळणे स्पष्टपणे नाकारावे. त्या दिवशी मुलांना आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिलाही नातेवाइकांकडे पाठवावे. संध्याकाळी केरसुणी फिरवू नये, कारण ती धूळ पुन्हा हवेत उडवते. ओल्या फडक्याने दोनदा पुसून घ्यावे. जेवणापूर्वी आणि झोपण्यापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवावेत. अशी धूळ आधीच घरभर झाली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना सांगून मुलाच्या रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी.

पिंप, बाटली आणि उघडी तार

काही अपघात धुळीसारखे हळूहळू होत नाहीत, क्षणात होतात. बांधकामासाठी भरून ठेवलेले पाण्याचे पिंप हे त्यांतले पहिले. चालायला शिकणारे मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते. डोके जड असल्याने वाकले की तोल जातो आणि त्याला सावरता येत नाही. पिंपाला घट्ट झाकण असावे, बादल्या काम संपताच पालथ्या घालाव्यात.

दुसरी गोष्ट टर्पेंटाइन आणि थिनर. रंगारी ते पुष्कळदा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ठेवतो आणि तहानलेले मूल ती तोंडाला लावते. असे घडले, तर मुलाला उलटी करवू नये. द्रव फुफ्फुसात जाऊन अधिक अपाय होतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट रुग्णालय गाठावे आणि बाटली बरोबर न्यावी.

ओले सिमेंटही निरुपद्रवी नाही. त्यातील चुन्याच्या क्षारामुळे कोवळी कातडी भाजते. हातापायाला लागले, तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे. विजेच्या बाबतीत तात्पुरत्या वायरी जमिनीवरून नेऊ नयेत. वायरिंग बदलणारच असाल, तर गळता प्रवाह ३० मिलीअँपिअरला पोचताच वीज तोडणारा आरसीसीबी आधी बसवून घ्यावा. उरलेल्या कामाच्या काळातही तो घराची राखण करतो.

तात्पुरती चूल

स्वयंपाकघर बंद असण्याचे दिवस गृहिणीची परीक्षा पाहतात. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरांत तर कामगार जाण्याची वेळ आणि पानावर बसण्याची वेळ एकच होते. अशा वेळी संध्याकाळचे काम अर्धा तास आधी थांबवण्याचे ठरवून घ्यावे, म्हणजे धूळ बसायला व पुसायला अवधी मिळतो. पाण्याचे भांडे आणि गाळण्याचे फडके राखीव खोलीतच झाकून ठेवावे. साधी खिचडी, दशम्या, भाजके पोहे यांवर काही दिवस निभावले, म्हणून मुलांचे काही अडत नाही. वेळेवर आणि एकत्र बसून जेवणे मात्र मोडू नये. घर विस्कटलेले असताना मुलांच्या दिवसाला तेवढाच आधार असतो.

मुलांना सांगावे, विचारावे

मुलांना कामापासून दूर ठेवायचे, पण त्यांना अंधारात ठेवायचे नाही. कोणती भिंत जाणार, का जाणार आणि तेथे काय येणार, हे आदल्या दिवशी साध्या शब्दांत सांगावे. रोज संध्याकाळी, हत्यारे आवरल्यावर, हात धरून त्यांना झालेले काम दाखवावे. ओळंबा कशासाठी असतो, फरशी उताराने का बसवतात, हे गवंडीकाकांकडून ऐकलेले मूल त्या माणसाला आणि त्या आवाजाला घाबरत नाही. आपल्या कोपऱ्याचा रंग तिने निवडला, तर नातीचा या घराशी नवा संबंध जुळतो.

याच काकांच्या फुफ्फुसांचाही विचार मुलांसमोर व्हावा. फरशी कोरडी कापली, की सिलिकाची बारीक धूळ उडते. ती वर्षानुवर्षे छातीत गेल्याने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. पाणी सोडून कापणे आणि चांगला मास्क देणे यासाठी घरमालकाला येणारा खर्च फार नसतो. कधी एखादी मजूर स्त्री आपले मूल बरोबर आणते. आपल्या नातवासाठी जे नियम केले, ते त्या मुलालाही लागू असले पाहिजेत.

म्हणून ठेकेदाराशी पहिल्या बैठकीत दर आणि मुदत ठरवताना आणखी चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : राखीव खोली कोणती, दुपारची शांत वेळ कोणती, जुना रंग ओला करूनच काढला जाईल, आणि रोज काम संपताना पिंप झाकून, बाटल्या उचलून, तारा बंद करूनच कामगार जातील. दरवाजा दोन तासांऐवजी दोन दिवसांत तयार झाला, तरी चालेल. त्या दारातून नातू पुढे कित्येक वर्षे ये-जा करणार आहे.