लिंबूवर्गीय झाडांचे रोग आणि पाणी व अन्नद्रव्यांची गरज

संत्रा, मोसंबी, कागदी लिंबू इत्यादी लिंबूवर्गीय झाडांना होणाऱ्या अनेक रोगांमुळे झाडाची पाणी व अन्नद्रव्ये शोषण्याची आणि वाहून नेण्याची क्षमता घटते. असे झाड जमिनीत ओलावा असूनही कोमेजते आणि खत देऊनही पिवळे पडते. ही लक्षणे कमतरतेची समजून पाणी व खत वाढवले जाते. मात्र काही रोगांत जास्त पाण्यामुळे रोग अधिकच बळावतो.

निरोगी झाडातील वहन

बारीक तंतुमुळे जमिनीतील पाणी व क्षार शोषतात. जलवाहिन्या ते पानांपर्यंत पोहोचवतात, तर पानांत तयार झालेली शर्करा रसवाहिन्यांद्वारे मुळांपर्यंत येते. मुळांची वाढ या शर्करेवर अवलंबून असल्याने एका मार्गातील अडथळ्याचा परिणाम कालांतराने दुसऱ्यावरही होतो.

मूळकूज व डिंक्या

फायटोप्थोरा या बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे तंतुमुळे कुजतात; खोडाची साल कुजून तीतून डिंक पाझरतो. त्याचे चल बीजाणू पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात, त्यामुळे पाणी साचणाऱ्या जमिनीत रोग लवकर पसरतो. विदर्भातील संत्रा बागांच्या भारी काळ्या जमिनीत हा धोका विशेष असतो. मुळे कमी झाल्याने झाड दुपारी मलूल दिसते. अशा वेळी आळ्यात पाणी भरल्यास उरलेल्या मुळांचा प्राणवायू तुटतो आणि बीजाणूंना वाट मिळते.

ग्रीनिंग

ग्रीनिंग (हुआंगलाँगबिंग) या रोगाचे जीवाणू रसवाहिन्यांत राहतात. आशियातील त्यांचा प्रसार सिट्रस सिला या किडीमार्फत होतो. रसवाहिन्या तुंबल्याने पानांत पिष्ट साचते व मुळांची उपासमार होते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात हा रोग २००५ मध्ये आढळला. तेथील अभ्यासांत शेंड्यावर ठळक लक्षणे दिसण्यापूर्वीच तंतुमुळांचा मोठा भाग नष्ट झाल्याचे आणि रोगट झाडे निरोगी झाडांपेक्षा कमी पाणी वापरत असल्याचे दिसून आले. त्या राज्यात २००३-०४ च्या हंगामात संत्र्यांच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्ये ही संख्या २ कोटींहूनही कमी झाली. या घटीत चक्रीवादळांचाही वाटा असला तरी प्रमुख कारण ग्रीनिंग हेच होते.

ट्रिस्टेझा व सिट्रस ब्लाइट

ट्रिस्टेझा हा माव्यामार्फत पसरणारा विषाणूजन्य रोग आहे. आंबट संत्र्याच्या खुंटावरील कलमांत तो जोडाजवळील रसवाहिन्या मारतो. मुळे खचतात आणि झाड फळांसह वाळू शकते. सिट्रस ब्लाइटमध्ये जलवाहिन्या बंद होतात. अशा झाडाच्या खोडात पिचकारीने पाणी भरण्याचा प्रयत्न केल्यास ते फारसे आत जात नाही. पानांवर जस्ताच्या कमतरतेची लक्षणे असतात, पण खोडात मात्र जस्त साचलेले आढळते.

रोग व कमतरता यांतील फरक

जस्त, लोह व मँगनीज यांच्या कमतरतेत पिवळेपणा प्रथम कोवळ्या पानांवर येतो आणि मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंस सारखा असतो. ग्रीनिंगमधील पिवळे चट्टे दोन्ही बाजूंस असमान असतात. रोगामुळे खरी कमतरताही निर्माण होत असल्याने दोन्ही प्रकार एकाच झाडावर दिसू शकतात. म्हणून पानांच्या पृथक्करणासोबत मुळांची व खोडाच्या बुंध्याची पाहणी आवश्यक ठरते.

व्यवस्थापन

मुळे कमी झालेल्या झाडाला एकाच वेळी भरपूर पाणी व खत देण्याऐवजी ते थोडे थोडे पण वारंवार देणे उपयुक्त ठरते. ठिबक सिंचनाने हे साधते. आळ्याने पाणी देताना दुहेरी आळे करून आतले आळे कोरडे ठेवतात, म्हणजे खोडाला पाणी लागत नाही. पाण्याचा निचरा, जमिनीच्या वर राखलेला कलमाचा जोड आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर खोडाला लावलेले बोर्डो मलम यांमुळे डिंक्याला आळा बसतो. मुळांद्वारे न मिळणारी सूक्ष्म अन्नद्रव्ये फवारणीने देता येतात.

आंबिया बहारासाठी बागेचे पाणी तोडून ताण दिला जातो. निरोगी झाड हा ताण सोसते. मुळे गमावलेल्या झाडाला मात्र तो घातक ठरू शकतो, म्हणून अशी झाडे ताणातून वगळणे हितावह असते. पाणी व खतांच्या नियोजनाने ग्रीनिंग किंवा ट्रिस्टेझा बरा होत नाही. त्यासाठी रोगमुक्त कलमे, योग्य खुंटाची निवड आणि कीडनियंत्रण हेच मुख्य उपाय आहेत.