माळ्यावरचा रेडिओ लावण्याआधी

नांदेड जिल्ह्यातलं मुदखेड निझामाच्या राज्यात होतं तेव्हा, १९३५ मध्ये, हैदराबादचं रेडिओ केंद्र सरकारी झालं. १९५० मध्ये ते आकाशवाणीकडे आलं. पुढे घराघरांत बुश, मर्फी, फिलिप्सचे व्हॉल्व्हचे सेट आले. सेट ठेवायला पोस्टातून वार्षिक परवाना काढावा लागे.

असा सेट वर्षानुवर्षं बंद असेल, तर थेट प्लगला लावू नका. आतले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळलेले असतात. ते शॉर्ट झाले तर ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तसा ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळवणं फार जिकिरीचं. जाणते कारागीर आधी १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडतात. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये दोन-अडीचशे व्होल्ट साठून राहू शकतात. हे काम नवख्याने एकट्याने करूच नये.

नांदेड आकाशवाणी एफएमवर असल्याने फक्त मीडियम आणि शॉर्ट वेव्हच्या सेटवर ती लागत नाही. काटा परभणीच्या १३०५ किलोहर्ट्झवर न्यावा. कॅबिनेटला नवं पॉलिश मात्र करू नये. मूळ लाकूड आणि डायलची काच जपण्यातच खरं कसब आहे.