बस्तान बसलेले जिवाणू

१८९२ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात कॉलरा शिरला आणि काही आठवड्यांत साडेआठ हजारांच्या आसपास माणसं गेली. हॅम्बुर्गला अगदी खेटून आल्टोना नावाचं वेगळं शहर होतं. दोघांचं पाणी एल्ब नदीचंच. त्यातही आल्टोना खालच्या अंगाला, म्हणजे त्याच्या वाट्याला हॅम्बुर्गचं सांडपाणी मिसळल्यानंतरची नदी यायची. तरी साथ तिथे फारशी पसरली नाही. पाहणीला आलेल्या रॉबर्ट कॉखला तर एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना फरक दिसला. हॅम्बुर्गच्या नळाची बाजू आजारी, आल्टोनाच्या नळाची बाजू धडधाकट. आल्टोना पाणी वाळूतून गाळून द्यायचं. हॅम्बुर्ग ते नुसतं हौदात निवळून घ्यायचं आणि सोडायचं.

आता वाळूच्या कणांमधल्या फटी कॉलऱ्याच्या जिवाणूपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. मग तो अडला कुठे? वाळूच्या अगदी वरच्या दोन-तीन सेंटिमीटरांत एक बुळबुळीत थर धरतो, तिथे. त्यात जिवाणू असतात, त्यांना खाणारे एकपेशीय जीव असतात, शेवाळ असतं. पाणी तासाला दहा-वीस सेंटिमीटर इतक्या सावकाश या थरातून उतरतं आणि त्यातलं जे खाण्याजोगं ते वरच फस्त होतं. नव्या वाळूला हे जमत नाही. तिला पिकायला काही आठवडे लागतात. थर फार दाट होऊन पाणी तुंबलं की वरची बोट-अर्धा बोट वाळू खरवडून काढायची, आणि नंतरचे काही दिवस येणारं पाणी पिण्याला न देता वाया घालवायचं, कारण थर पुन्हा धरलेला नसतो. जलखात्यातल्या जुन्या माणसांना हे वाया घालवणं जिवावर यायचं. पण ते टाळलं की साथ आलीच म्हणून समजा.

सूक्ष्मजीवांकडून पाणी साफ करून घेण्याचं सारं शास्त्र या खरवडलेल्या वाळूत आहे, असं माझं मत आहे. जिवाणू बाहेरून आणून सोडावे लागतात असं क्वचित. ते असतातच. त्यांना बसायला जागा, श्वासाला हवा आणि पुरता वेळ मिळतो की नाही, एवढाच प्रश्न असतो. हे नीट उलगडून दाखवलं ते मँचेस्टरच्या दोन रसायनतज्ज्ञांनी.

एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट डेव्हीहुल्मच्या मैलाकेंद्रात काम करत. शेवाळ धरू नये म्हणून तपकिरी कागद गुंडाळलेल्या बाटल्यांत त्यांनी सांडपाणी भरलं आणि त्यात हवेचे बुडबुडे सोडत राहिले. अमोनियाचं पूर्ण नायट्रेट व्हायला पहिल्या खेपेला सुमारे पाच आठवडे लागले. इथवर नवल काही नव्हतं. असे प्रयोग आधीही झाले होते आणि बहुतेक वेळा लोकांनी बाटली धुऊन नवा प्रयोग मांडला होता. या दोघांनी वरचं स्वच्छ पाणी ओतून दिलं, तळाचा गाळ ठेवला, त्यावरच ताजं सांडपाणी घातलं. पुढच्या खेपेला वेळ घटला. मग आणखी घटला, आणि शेवटी काम तासांवर आलं. दह्याचं विरजण कुणी फेकतं का? १९१४ साली त्यांनी हे मांडलं आणि आज जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांचा मैला याच रीतीने साफ होतो. त्यांना या वाटेला लावणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले, म्हणजे ही विद्या आपल्याकडे ताजी असतानाच पोचली होती.

अशा केंद्रावर गेलात तर तिथल्या ऑपरेटरला लिटरभर मापाचं काचेचं नळकांडं मागा. हौदातलं पाणी त्यात भरून तीस मिनिटं तसंच ठेवायचं. गाळ चॉकलेटी, त्याला ओल्या मातीचा वास, आणि तो शांतपणे खाली बसून वर नितळ पाणी राहिलं तर केंद्र ठीक चाललंय. काळपट रंग आणि कुजका वास म्हणजे हवा कमी पडतेय. ती बहुधा विजेच्या बिलापायी कमी पडते. एक किलो अमोनियारूपी नायट्रोजनचं नायट्रेट करायला साडेचार किलोहून अधिक प्राणवायू लागतो, आणि तो ब्लोअरने पाण्यात ढकलावा लागतो. अनेक नगरपालिकांचे ब्लोअर साहेबांच्या भेटीच्या दिवशी तेवढे घरघरतात, हे गुपित राहिलेलं नाही.

वीज नको, तर झाडं लावा. जर्मनीत केटे झायडेल यांनी १९५० च्या दशकात पाणवनस्पतींच्या मुळांशी सांडपाणी खेळवून पाहिलं. नागपूरच्या नीरी संस्थेने ‘फायटोरिड’ नावाने त्याच जातीची पद्धत रुजवली. खडीचे वाफे, त्यात कर्दळ, पाणकणीस, देवनळ, आणि खडीच्या पोटातून सरकणारं पाणी. लोकांना वाटतं झाडं घाण शोषून घेतात. थोडी घेतात, खरी मजुरी मुळांवर आणि खडीवर बस्तान मांडलेल्या जिवाणूंची. आयआयटी मुंबईत प्रा. एच. एस. शंकर यांनी माती, जिवाणू आणि गांडुळं यांच्या थरांतून सांडपाणी झिरपवणारी पद्धत उभी केली. पुण्याच्या संदीप जोशींनी दगड आणि नारळाचा काथ्या वापरून वाहत्या पाण्यात आडवे ‘हरित सेतू’ घातले. उदयपूरच्या आहाड नदीवर ते बांधले गेले. काथ्या इथे पाणी शुद्ध करत नाही, बसायला जागा देतो. या सगळ्यांना विजेऐवजी जागा लागते, आणि आपल्या शहरांत जागा विजेहून महाग आहे.

जागेचं हे गणित एका शहराला मात्र फुकटात सुटलं होतं. कोलकात्याचा उतार हुगळीकडे नसून पूर्वेकडे आहे. शहराचं सांडपाणी कालव्यांतून तिकडच्या दलदलीत जातं, आणि तिथल्या मच्छीमारांनी त्याचे उथळ तलाव केले, ज्यांना ते भेरी म्हणतात. पुरुषभरही खोल नाहीत, म्हणून सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो. जिवाणू मैला फोडतात, त्यातून सुटलेल्या खतावर शेवाळ वाढतं, शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, तो जिवाणूंना लागतो. आणि वाढलेला जीवजंतूंचा सारा माल रोहू, कटला, मृगळ खाऊन टाकतात. आपल्याकडे मुळा-पवनेत शिव्या खाणारी जलपर्णी तिथे बांधाच्या कडेने मुद्दाम राखतात, लाटांनी बांध ढासळू नये आणि तेलकट मळ अडावा म्हणून. किती सांडपाणी आत घ्यायचं, कधी थांबायचं, हे पाण्याच्या रंगावरून ठरतं. अभियंता ध्रुवज्योती घोष यांनी १९८० च्या दशकात हा कारभार समजून घेतला आणि महानगराचं मलशुद्धीकरण कोळी लोक चालवताहेत हे सरकारला पटवलं. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने जमिनीचा वापर बदलायला मनाई केली, २००२ मध्ये सुमारे १२,५०० हेक्टर क्षेत्र जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. भराव टाकणारे तरीही थांबलेले नाहीत.

सांडलेल्या तेलाची गोष्ट वेगळी, आणि तिथे नाट्यही जास्त. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत असताना कच्च्या तेलातले अनेक घटक खाणारा जिवाणू घडवला. सजीवाला पेटंट देता येतं का, हा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ते जिंकले. तो जिवाणू खुल्या समुद्रात मात्र कधी कामाला लागला नाही. १९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन वाल्डीझ जहाजातून सुमारे चार कोटी लिटर तेल सांडलं, तेव्हा किनाऱ्यावर टाकलं ते खत. तेलात कार्बन भरपूर, नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळजवळ नाहीत. ते मिळताच किनाऱ्यावरचेच जिवाणू तेलावर तुटून पडले. दिल्लीच्या टेरी संस्थेचा ‘ऑइलझॅपर’ तयार जिवाणू टाकतो, पण तेही मक्याच्या कणसांच्या भुश्श्यावर बसवलेले आणि सोबत खत दिलेले. जमिनीवर साचलेल्या तेलगाळासाठी ते चांगलं जमतं.

जिवाणूंखेरीज, पाणी निवळायला वनस्पतींच्या बिया वापरण्याचं आकर्षणही आपल्याकडे जुनं आहे. गढूळ पाणी निवळणाऱ्या सात गोष्टी सुश्रुतसंहितेत सांगितल्या आहेत, त्यांत कतक म्हणजे निवळी पहिली. तिची बी मातीच्या भांड्याला आतून घासतात. निवळी ही काजऱ्याची सख्खी बहीण, पण तिच्यात काजऱ्याचं विष नाही. शेवग्याची बीही हे काम करते. वाळलेली बी सोलून कुटायची, पाण्यात कालवून फडक्याने गाळायची, ते दुधाळ पाणी गढूळ पाण्यात घालून आधी जोरात आणि मग संथ ढवळायचं. मातीचे कण ऋण भाराचे, एकमेकांना दूर लोटणारे. शेवग्यातलं प्रथिन धन भाराचं. कण एकत्र येतात, जड होतात, तासा-दोन तासांत तळाशी बसतात. पण बीचा अंश पाण्यात उरतो आणि तोच उरलेल्या जंतूंचं खाद्य होतो. ते पाणी दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवू नये, आणि पिण्याआधी उकळावंच.

कारखान्यांच्या पाण्यापुढे या सगळ्याची मर्यादा उघडी पडते. इचलकरंजीसारख्या गावी कापडाचे रंग हे मोठं दुखणं. अझो रंगांचे बंध काही जिवाणू हवेविना तोडतात आणि पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसू लागतं. त्यातून निघालेली ॲरोमॅटिक अमाईन्स काही वेळा मूळ रंगाहून घातक असतात, आणि ती फोडायला पुढे हवेशीर टप्पा लागतो. म्हणून रंग गेल्याचा फोटो पुरावा धरू नये. धातूंचं तर विघटनच होत नाही. ओडिशातल्या सुकिंद्याच्या क्रोमाइट खाणींच्या पाण्यात विषारी षट्‌संयुजी क्रोमियम आढळतं. त्याचं त्रिसंयुजी, बरंचसं निरुपद्रवी रूप जिवाणू करू शकतात, पण धातू गाळात राहतोच. त्या गाळाचं काय करणार, हे ठरवल्याशिवाय काम पुरं झालं असं म्हणता येत नाही. जलपर्णीने शोषलेल्या धातूंचंही तेच. ती वेळेत उपसली नाही तर कुजून सगळं परत पाण्यात.

आणि इतकं सगळं ठाऊक असताना आपल्याकडे चलती कशाची, तर जिवाणू मिसळलेल्या चिखलाच्या गोळ्यांची आणि गूळ-साली आंबवून केलेल्या ‘एन्झाइम’ची. नदीकाठी रांगेने उभं राहून ते पाण्यात सोडण्याचे समारंभ होतात. अंघोळीजोग्या नदीच्या पाण्याचा बीओडी, म्हणजे जैविक घाण खाताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा असा आपला निकष आहे. घरगुती सांडपाण्याचा तो दोनशे-तीनशे असतो. गुळाच्या पाण्याचा त्याहून कितीतरी पट. नदी आधीच धापा टाकत असताना तिला हे पाजायचं, याला सेवा म्हणतात.

२०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, प्रक्रिया केंद्रं होईपर्यंत नाल्यांत निदान जागच्या जागी शुद्धीकरण करा, नाहीतर दर नाल्यामागे दरमहा ५ लाख रुपये भरा, असं बजावलं. अशा कामांत ड्रमातून जिवाणू ओतणं सर्वांत सोपं. ड्रमावर मिलिलिटरमागे किती अब्ज जिवाणू ते छापलेलं असतं, पण त्यांनी नाल्यात बसायचं कुठे, हे कुठेच नसतं. जुलैच्या लोंढ्यात ते काही तासांत खाडीला लागतात आणि पुढच्या महिन्याचं बिल तयार होतं. नगरसेवकांनी अशा कामात दोनच गोष्टी मागाव्यात. एक, नाल्यात दगड, खडी, काथ्या, काही तरी कायमचं बसवलेलं असावं. दुसरी, विरघळलेल्या प्राणवायूचा नमुना सूर्योदयाआधी घेतलेला असावा. शेवाळ असलेल्या पाण्यात भर दुपारी आकडा चांगलाच येतो, आणि अहवालांत वेळ सहसा दुपारचीच असते.