स्टँडबायवर टेबल आहे, मग डेटा कुठंय?

आजचा एपिसोड दाभोळच्या घरातून, त्यामुळे मागे फेरीबोटीचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

गेल्या गणपतीत असाच इथे होतो आणि रात्री टीममधून फोन आला. प्रायमरी डेटाबेस पडला, स्टँडबाय प्रमोट केला, साइट सुरू झाली, पण लोकांच्या कार्टमधलं सगळं गायब. टेबल जागेवर, ओळी शून्य. कारण ते टेबल अनलॉग्ड होतं. केलं कोणी? मीच, वर्षभर आधी, स्पीडसाठी.

पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी वॉल नावाच्या लॉगमध्ये लिहितं. क्रॅश झाला की हाच लॉग वाचून सावरतं. आणि स्टँडबायसुद्धा हाच लॉग वाचत प्रायमरीच्या मागेमागे चालतो. समजा, पलीकडे धोपाव्याला दाभोळची खबर फक्त फेरीबोटीतल्या चिठ्ठीतूनच मिळते. चिठ्ठी टाकलीच नाही तर तिकडे कळणार कसं?

अनलॉग्ड टेबल, जे 2011 च्या 9.1 व्हर्जनपासून आहे, ही चिठ्ठीच टाकत नाही. म्हणून तर ते फास्ट. पण टेबल बनल्याची नोंद, म्हणजे नाव, कॉलम आणि रिकामा साचा, तेवढं मात्र लॉगमध्ये जातं. त्यामुळे स्टँडबायवर टेबल दिसतं. सिलेक्ट मारून बघा, शून्य ओळी नाही, थेट एरर येते: रिकव्हरी चालू असताना हे वाचता येणार नाही. प्रमोट केलं की त्या साच्यावरून कोरं टेबल तयार होतं. एरर बंद, आणि तेच जास्त घातक, कारण कुणाला पत्ताच लागत नाही.

प्रायमरीवरसुद्धा क्रॅशनंतर हे टेबल रिकामं होतं. नीट शटडाउन केलं तर डेटा राहतो. आम्ही इथेच फसलो! टेस्टिंगमध्ये दर वेळी व्यवस्थित रीस्टार्ट करायचो आणि सगळं जागेवर दिसायचं. फेलओव्हर कधी करून बघितलाच नव्हता.

तुमच्याकडे अशी टेबलं आहेत का बघायचं तर पीजी-क्लासमध्ये रिलपर्सिस्टन्स कॉलम बघा, 'यू' म्हणजे अनलॉग्ड. 9.5 पासून ऑल्टर टेबल, सेट लॉग्ड करून बदलता येतं. मोठं टेबल असेल तर रात्रीच करा, कारण सगळं टेबल नव्याने लिहिलं जातं आणि तोवर लॉक राहतं.

आम्ही कार्ट लॉग्ड केलं. सर्च सजेशनचा कॅशे अजून अनलॉग्डच आहे, तो उडाला तर दहा मिनिटांत परत भरतो.