सायलेन्सरमधलं पाणी

भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडच्या आसपास स्टेनलेस स्टीलचं कुणाला अप्रूप नाही. भाईंदरच्या गाळ्यांतून वर्षानुवर्षं डबे, पातेली, ताटं बाहेर पडत आली आहेत. पत्रा दाबायचा, वळवायचा, जोडायचा आणि बफिंग करून चकचकीत करायचा, हे इथलं रोजचं काम. भाईंदरच्याच महापालिकेच्या हद्दीत उत्तन, पाली, चौक इथे मासेमारीच्या बोटी आहेत. म्हणजे स्टील आणि समुद्र दोन्ही एकाच शहरात. या दोहोंचा कस जिथे एकदम लागतो अशी वस्तू म्हणजे वेगवान बोटीच्या इंजिनाची, पाण्याने थंड राहणारी एक्झॉस्ट नळी. ती गार ठेवणं हेच मुख्य काम, असं पाहणाऱ्याला वाटतं. माझ्या मते ते त्यातलं सोपं काम आहे. चारी बाजूंना समुद्र असताना पाण्याला काय तोटा? अवघड आहे ते त्याच पाण्याला इंजिनात शिरू न देणं, आणि नळीची सगळी रचना त्यावरून ठरते.

मुळात पाणी हवंच कशाला, हा आक्षेप रास्त आहे. मासेमारी बोटीवर डिझेलचा धूर बहुधा उभ्या नळीतून वर सोडतात. नळीला उष्णतारोधक दोरी गुंडाळली की भागतं. पण वेगवान बोटीत इंजिन फायबरच्या बंद कप्प्यात, इंधनाच्या टाकीजवळ असतं. पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना धूर ७०० अंश सेल्सियसच्या वर जातो, आणि साधं फायबर शंभर अंशांच्या आसपासच नरम पडू लागतं. तिथे दोरीवर विसंबता येत नाही. अर्थात प्रत्येक शर्यतीच्या बोटीला ही नळी लागतेच असं नाही. मार्च २०१७ मध्ये मरीन ड्राइव्हसमोर धावलेल्या पी-१ शर्यतीच्या बोटींना मागे टांगलेली आउटबोर्ड इंजिनं होती. अशा इंजिनाचा धूर पंख्याच्या मधल्या पोकळीतून पाण्याखालीच निघून जातो. प्रश्न येतो तो बोटीच्या पोटात बसवलेल्या इंजिनाचा.

साध्या बोटीत इंजिनाजवळच्या एल्बोत, म्हणजे नळीच्या वळणाच्या तुकड्यातच, समुद्राचं पाणी धुरात मिसळतात. धूर आकसतो, आवाज बसतो, पुढे रबरी होजही चालतो. मग वेगवान बोटीलाही तेच का नको? कारण तिच्या कॅमशाफ्टची घडण वेगळी असते. जास्त ताकदीसाठी आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह काही क्षण एकत्र उघडे ठेवलेले असतात. संथ गतीत धुराचा जोर कमी असतो. त्या क्षणी नळीतला दाब उलटा फिरतो आणि धुराबरोबर पाण्याचे थेंबही सिलिंडरकडे ओढले जातात. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे ते साचलं तर पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून दोन नळ्या, एकीत एक. आतून कोरडा धूर, मधल्या फटीतून पाणी, आणि दोघांची भेट थेट टोकाशी. टोकाची भोकं सगळ्या परिघावर हवीत. सगळी खालीच पाडली तर वरची बाजू कोरडी राहून तापते. फटीत हवेचा फुगा अडकला तरी हेच होतं.

आता खरी भिस्त आतल्या नळीवर, आणि नेमकी तीच दिसत नाही. तिला एका अंगाने आग, दुसऱ्या अंगाने खारं पाणी. दोन्ही नळ्यांच्या तापमानात शंभर अंशांचा फरक पडला तर मीटरभर लांबीत आतली नळी दीडेक मिलिमीटर जास्त वाढते. दोन्ही टोकं पक्की जोडली की सगळा ताण सांध्यावर येतो, म्हणून एक टोक सरकतं ठेवणं शहाणपणाचं. वेल्डिंग आर्गनचं हवं, आणि आर्गन नळीच्या आतूनही सोडायला हवा. नाहीतर बाहेरून सांधा सुबक दिसतो आणि आत काळा, रवाळ थर धरतो. गंज तिथूनच सुरू होतो. बफिंगने तो झाकता येत नाही, कारण हात तिथवर पोचतच नाही.

भांड्यांच्या धंद्यातला माणूस विचारेल, ३०४ प्रतीचं स्टील चांगलं असताना महागडं ३१६-एल कशाला? ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या पाण्यात पडणारी बारीक छिद्रं रोखायला मदत करतं. एल म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत, त्यामुळे वेल्डजवळचा भाग कमजोर होत नाही. तरी ३१६ अजिंक्य नाही. साचलेलं, कोमट खारं पाणी त्यालाही खातं. म्हणून इंजिन बंद झाल्यावर फट पूर्ण निथळली पाहिजे आणि गोड्या पाण्याने धुतली पाहिजे. एवढा खटाटोप करण्यापेक्षा दर काही वर्षांनी नळी बदलावी, हा हिशेब मला पटत नाही. नळी आधी सांगून फुटत नाही आणि तिच्याबरोबर इंजिन जातं. बसवण्याआधी फटीची तोंडं बंद करून आत दाब भरावा आणि गेजचा काटा उतरतो का ते पाहावं. एकदा बोटीवर चढली की संशय आल्यास स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवायचं आणि भोकातून पाणी येतं का बघायचं, एवढंच उरतं.