गाडी गुशैणीपर्यंत, पुढे पायीच!

चंदीगडच्या सेक्टर ४३ मधल्या बस स्थानकावर कुलू-मनालीच्या गाड्यांना नेहमीच गर्दी असते. त्या गर्दीत 'पाण्याची बाटली घेतलीस ना?' असा मराठी आवाजही हमखास कानी पडतो. यातली बहुतेक मंडळी थेट मनाली गाठतात. पण याच रस्त्यावर कुलूच्या अलीकडे औट लागते. तिथून लारजी, बंजार करीत तीर्थन नदीच्या काठाने गुशैणीला पोहोचता येते. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कचे हे एक प्रवेशद्वारच.

ताडोबासारखी जिप्सीतली सफारी डोळ्यांसमोर असेल, तर ती आधीच पुसून टाकावी. सुमारे ७५४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात मोटारीचा रस्ताच नाही. म्हणूनच हिमबिबट्या, कस्तुरीमृग, तपकिरी अस्वल इथे टिकून आहेत. २०१४ मध्ये युनेस्कोने या जंगलाला जागतिक वारसा म्हटले.

आधी माणसे, मग बेत

सहल आखताना पहिला प्रश्न असावा, चालणार कोण? गुशैणीहून रोला या पहिल्या मुक्कामापर्यंत आठ-दहा किलोमीटरची पायवाट आहे. चालण्याची सवय असलेली मोठी मुले ती सहज पार करतात. त्यापुढची चढण मात्र दमछाक करणारी. हृदयविकार, दमा किंवा गुडघेदुखी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. पण म्हणून आजी-आजोबांना घरी ठेवायचे कारण नाही. नदीकाठच्या घरगुती निवासात ते आरामात राहू शकतात आणि मोटारीने जलोडी खिंडही पाहू शकतात. कुटुंबाचे असे दोन गट करण्यात कमीपणा कसला?

चंदीगडला एक दिवस मोकळा ठेवावा. औषधे, टॉर्चचे सेल, रोख पैसे यांची जमवाजमव इथेच करावी. संध्याकाळी सुखना तलावाकाठी सगळ्यांनी पाठीवर सामान घेऊन तासभर चालून पाहावे. नको असलेले ओझे आपोआप लक्षात येते! बूट मात्र नवेकोरे नकोत. ते घरीच महिनाभर वापरलेले असावेत.

परतीचा दिवस

एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत आणि पावसाळ्यानंतर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे दिवस चांगले. जुलै-ऑगस्ट टाळावेतच. जुलै २०२३ मध्ये बियास नदीला आलेल्या पुरात मंडी-कुलूचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला आणि हजारो पर्यटक अडकून पडले. एरवीही डोंगरातला रस्ता दरड कोसळून बंद होऊ शकतो. म्हणून परतीच्या गाडीआधी निदान दोन दिवस हाताशी असावेत. जंगलात मोबाईलवर विसंबू नये. कुठे मुक्काम, केव्हा परत, हे मागे राहणाऱ्यांना कागदावर लिहून द्यावे.

गावाचे देणे

उद्यानात जाण्यासाठी वन विभागाचा परवाना लागतो. वाटाड्या आणि सामान वाहणारे जवळच्या गावांतलेच घ्यावेत. त्यामागे केवळ सुरक्षिततेचा विचार नाही. या कुरणांत पिढ्यान् पिढ्या गावकऱ्यांच्या मेंढ्या चरत होत्या, बायका गुच्छी आणि औषधी मुळ्या गोळा करीत होत्या. १९९९ मध्ये उद्यानाची अंतिम अधिसूचना निघाली आणि हे हक्क संपले. ज्यांचे हक्क सरकारी दप्तरात होते त्यांना भरपाई मिळाली, पण जंगलावर पोट असलेली घरे त्याहून कितीतरी अधिक होती. पुढे महिलांचे बचत गट आणि पर्यटन यांतून काहींना कमाईची नवी वाट मिळाली. आपण वाटाड्याला देतो ती मजुरी त्या घरांपर्यंत पोहोचते. तिथे घासाघीस करू नये.

इथे जुजुराणा नावाचा देखणा पक्षी राहतो. जुजुराणा म्हणजे पक्ष्यांचा राजा. प्रत्येक पक्ष्याचे एकेक सुंदर पीस घेऊन देवाने तो घडवला, अशी तिथली कथा. तो दिसेलच, अशी हमी कोणताही वाटाड्या देत नाही. मुलांना हे निघण्यापूर्वीच सांगावे. नाही दिसला, तर रोल्याच्या मुक्कामी रात्री नदीचा आवाज ऐकत झोपी जावे. तेवढ्यासाठीही ही पायपीट करावी.