तळ्यात किती आहे, त्याहून रोज किती उतरते ते पाहा!

मार्च उजाडला की बांधाबांधावर एकच विचारपूस सुरू होते, "तुमच्या तळ्यात पाणी किती हाय?" ज्याचे तळे भरलेले तो निर्धास्त, ज्याचे अर्धेमुर्धे तो काळजीत. पण खरा सवाल दुसराच आहे. तळ्यातून रोज किती पाणी उतरते?

समजा, दोन शेजारी आहेत. दोघांची मोसंबीची झाडे सारखीच, दोघांच्या तळ्यांना प्लास्टिकचे अस्तर. १ मार्चला पहिल्याच्या तळ्यात २० लाख लिटर पाणी आहे. तो आळ्यांना मोकळे पाणी देतो. बाष्पीभवन धरून रोज २५ हजार लिटर कमी होते. दुसऱ्याकडे १४ लाखच आहे. पण ठिबक आहे, बुंध्याभोवती पाचटाचे आच्छादन आहे. त्याचे रोज साडेबारा हजार जाते.

आता हिशेब करा. १८ एप्रिलला दोघांच्याही तळ्यात बरोबर ८-८ लाख लिटर उरते. त्या दिवसापासून गरीब तळे श्रीमंत होते! पहिल्याचे तळे २० मेला कोरडे पडते, तर दुसऱ्याचे २१ जूनपर्यंत पुरते. सहा लाखांची आघाडी रोजच्या उताराने खाऊन टाकली.

हेच गणित आपली मुले नववी-दहावीच्या बीजगणितात शिकतात. आलेख कागदावर आडवे दिवस, उभे पाणी मांडले की दोन तिरक्या रेषा येतात. रेषा सुरू कोठून होते हे पहिले, आणि ती किती वेगाने खाली येते हे दुसरे. दोन्ही पाहिल्याशिवाय तुलना पुरी होत नाही. मुलाला बसवा नि आपल्या तळ्याची रेषा काढून घ्या. त्याचाही अभ्यास होईल.

उशीर केला तर?

पहिल्या शेतकऱ्याला २० जूनपर्यंत निभवायचे आहे. १ मार्चलाच जागा झाला असता तर रोज १८ हजार लिटर वापरून भागले असते. १ एप्रिलला जाग आली तर सुमारे १५,३०० मिळतात. १८ एप्रिलपर्यंत थांबला तर फक्त १२,७००, आणि तेही ऐन मे महिन्याच्या उन्हात, जेव्हा झाडाची तहान सर्वांत जास्त असते.

मोजायचे कसे?

तळ्यात खुणा केलेली काठी उभी करा. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या, एकास एक उताराच्या तळ्यात काठोकाठ २२ लाख लिटर पाणी मावते. पाणी वर असताना एक सेंटीमीटर उतरले म्हणजे ९ हजार लिटर गेले. तळाशी तेच एक सेंटीमीटर पावणेसहा हजारांचे. म्हणून नुसत्या सेंटीमीटरवर जाऊ नका, लिटरमध्ये मांडा. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर वाफ झाली तरी भरलेल्या तळ्यातून ७ हजार लिटर उडून जातात. ऊन वाढेल तशी रेषा आणखी तिरपी होते, म्हणून दर आठवड्याला त्याच वारी मोजणी करून वहीत लिहा.

२०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यात मोसंबीच्या बागा वाळताना आपण पाहिल्या. टँकरचे पाणी विकत घेऊन झाडे जगवावी लागली. पाच-सहा वर्षे लेकरासारखी वाढवलेली बाग एका मे महिन्यात जाते.

सरपंच व ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनीही गावतळ्याची आठवड्याची नोंद फळ्यावर लावावी. टँकरची मागणी कधी करायची, हे ती रेषाच आधी सांगेल.

तेव्हा यंदा कोणी विचारले, "किती हाय पाणी?" तर लिटर सांगू नका, तारीख सांगा!